ताऱ्यांची गणना व हरवलेले मेंढरू

सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परका ग्रह मेयर व केलोझ या ज्योतिर्विदांनी इ. स. १९९५ साली शोधून काढिला. तेव्हापासून असे पाच हजारांहून अधिक ग्रह ठाऊक झाले. जीव मात्र एकावरही आढळलेला नाही. तथापि आमच्या मंडळ्यांतील तरुण उपदेशकांस विचारितात की, एवढ्या अफाट विश्वातील ह्या धुळीच्या कणासाठी देवाने आपला पुत्र द्यावा, हे संभवते काय? उत्तर न मिळाल्यास कित्येक उपासनेस येणेच सोडितात.

आक्षेप जुना आहे. ग्लासगो येथील पाळक थॉमस चाल्मर्स यांनी त्याचा समाचार घेतला; ती प्रवचने १८१७ साली छापली गेली. ते म्हणत की, दुर्बिणीने मनुष्य क्षुद्र दिसू लागला खरा. परंतु त्याच सुमारास सूक्ष्मदर्शक यंत्रही निघाले, व अतिसूक्ष्म जिवांवरही देवाची तितकीच निगा आहे असे दिसून आले. पुढे त्यांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला. ज्यांच्या घरी शेळ्यामेंढ्या आहेत, त्यांस हे समजावणे नको. सांजेस एक कोकरू परतले नाही, तर कंदील घेऊन निघालेला धनी वाड्यातील बाकीची मोजीत बसत नाही.

त्या दूरच्या जगांत कोणी असल्यास ते पापात पडले की नाही, हे पवित्र शास्त्राने आम्हांस कळविलेले नाही. विद्वान यावर पुष्कळ तर्क लढवितात. आम्हांस ते फारसे रुचत नाहीत. उपदेशकाने 'हे प्रगट झालेले नाही' असे निर्भयपणे म्हणावे. तरुणास मात्र दटावू नये. त्यास रात्री खळ्यावर न्यावे, आकाश दाखवावे, व आठवे स्तोत्र वाचावयास द्यावे. तेथेही हाच प्रश्न विचारिला आहे.