शब्द आणि त्याची भाड्याची जागा

१७०८ साली नांदेडास गोदातीरी गुरू गोविंदसिंहांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवून गुरुपद ग्रंथास अर्पण केले, तेव्हा शब्द देहाहून चिरस्थायी आहे असा जो निर्वाळा मिळाला, त्याचा विचार एखाद्या लातूरकर संस्थाचालकाने संकेतस्थळाच्या नूतनीकरणाची नोटीस आली असता अवश्य करावा. कारण शब्द चिरंतन असला तरी त्याला राहावयास जागा लागते, आणि इंटरनेटवर ती निव्वळ भाड्याची असते.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, कोणी कायमचे खरेदी करीत नाही. ते एका वेळी फार तर १० वर्षांच्या मुदतीने, निजामी अमदानीतील कौलासारखे मिळते. संकेतस्थळाच्या सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’च्या विनामूल्य प्रमाणपत्राची मुदत तर फार तर ९० दिवसांचीच, आणि ते आपोआप नवे करणारे ‘सर्टबॉट’ बंद पडले, की ब्राउझर आल्यागेल्यास दारातच अडवतो. बौद्धांचा क्षणिकवाद इतक्या रोखठोकपणे क्वचितच कोणी शिकविला असेल!

मग मालकी कशाची? माझ्या मते केवळ मजकुराची, आणि तीही त्याची नक्कल आपल्या हाती असेल तोवरच. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही आपली संकेतस्थळसेवा बंद केली, तेव्हा ज्यांची नक्कल कोणी काढून ठेवली होती तीच पाने वाचली. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या जिल्ह्याला, दप्तर व त्याची नक्कल एकाच छपराखाली ठेवू नये, हे निराळे सांगावयास नको.

तेव्हा संस्थाचालकांनो, नूतनीकरणाची पत्रे कोणाच्या ईमेलवर येतात ते आजच तपासा, आणि ती नक्कल अधूनमधून उघडूनही पाहा.