धामण कुणी बोलावली?

२०२४ च्या जुलैत, एका रविवारी सकाळी, आमच्या घरामागच्या नळाजवळ धामण निघाली. सहा फुटांच्या आसपास असावी. आई कपडे वाळत घालायला गेली होती. तिने आरडाओरडा केला नाही. घरात आली, मागचं दार लावलं आणि मला म्हणाली, "तुझं कोणीतरी आलंय."

"तुझं" हा शब्द मला टोचला, कारण तो खरा होता.

नागपूरच्या लेआऊटमधल्या बहुतेक प्लॉटसारखाच आमचाही. पुढे गाडीपुरती जागा, मागे बाराएक फुटांची पट्टी. बाबांना तिथे गट्टू बसवायचे होते. आजूबाजूच्या सगळ्यांनी बसवले आहेत. चिखल नाही, तण नाही, झाडू मारला की झालं. मी अडवत होतो. एक तर मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत तापलेले गट्टू रात्री दहापर्यंत धग सोडत राहतात. दुसरं कारण मला २३ सप्टेंबर २०२३ ने पुरवलं. त्या पहाटे काही तासांत इतका पाऊस पडला की अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि लोकांच्या बेडरूममध्ये पाणी शिरलं. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण बाबा टीव्हीसमोरून उठून म्हणाले, "राहू दे माती."

मग मी कामाला लागलो. ऑफिसात एखादा प्रोजेक्ट हाती आला की जसा उत्साह चढतो, तसाच. लिंबू आणि कढीपत्ता आधीच होते. जास्वंद आणि पारिजातक लावले, एका कोपऱ्यात गवत वाढू दिलं. पक्ष्यांसाठी मातीच्या पसरट भांड्यात पाणी, बाजूला मूठभर ज्वारी. घरच्यांसाठी झोपाळा, संध्याकाळच्या चहाला. सुट्टीत ताई आणि तीन वर्षांची भाची आली की तिला मातीत खेळता येईल, हाही हेतू होता. निसर्गाचं भलं आणि घरच्यांचंही, यात वाईट काय असणार?

पहिली अडचण लिंबावर आली. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या कोवळी पानं फस्त करत होत्या. आई कडुनिंबाचं पाणी फवारायला निघाली. मी म्हटलं, ही लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराची पोरं आहेत, राहू दे. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, ब्लू मॉरमॉन, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. आईने ऐकलं. मग सातभाईंची टोळी आली आणि त्यातल्या बऱ्याच अळ्या खाऊन गेली. आम्ही दोघं खिडकीतून बघत होतो. कुणाची बाजू घ्यायची ते कळेना.

दुसरी अडचण माझ्याच मूर्खपणाची. पाण्याचं भांडं मी जमिनीवर, जास्वंदीच्या आडोशाला ठेवलं होतं. फोटो छान यायचे. आठवड्याभरात तिथे बुलबुलाची पिसं पडलेली दिसली. शेजारची मांजर त्या आडोशाला दबा धरून बसायला शिकली होती. पाणी ठेवून मी सापळा लावला होता.

आणि ज्वारी. तिच्यावर चिमण्या क्वचितच आल्या, कबुतरं आली. सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर आले. उंदरांमागे धामण आली. म्हणजे मीच तिला बोलावलं होतं, फक्त दोन पायऱ्या मधे टाकून. कोडमध्ये असली चूक शोधायला माझे दिवस जातात. इथे ती नळाजवळ अंग ताणून पडली होती.

"वाइल्डलाइफला आमंत्रण देणारी बाग" असं म्हणताना आपल्या डोक्यात एक पाहुण्यांची यादी असते. दयाळ, शिंजीर, फुलपाखरू, फार तर खार. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन नावाच्या जीवशास्त्रज्ञ बाई होत्या. उपनगरातल्या आपल्या साध्या घराच्या बागेत त्यांनी तीस वर्षं नोंदी केल्या. त्या एका बागेत २,६७३ प्रजाती मिळाल्या, त्यातले बहुसंख्य कीटक. त्यांतल्या किती जणांना आपण नाव घेऊन बोलावलं असतं? डझनभर, फार तर पन्नास. बाकीचे आपली यादी न वाचता येतात. आपण फक्त पाणी, सावली, अन्न आणि अडगळ मांडून ठेवतो.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. मी समजावलं की धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, उलट आपल्या फायद्याची आहे. ताई शांतपणे म्हणाली, "उंदीर काय फक्त धामणच खाते? नाग नाही खात?" मग म्हणाली, "तुझा छंद आहे म्हणून माझ्या पोरीने जीव धोक्यात घालायचा का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. त्यांना निसर्गाला आमंत्रण द्यायची चैन परवडत नाही, तो घरात असतोच. माझ्यासारख्या माणसाने लॅपटॉप बंद करून संध्याकाळी सहजीवनावर बोलावं, यात थोडा निर्लज्जपणा आहे हे मला मान्य आहे.

तरीही बाबांचा दुसऱ्या दिवशीचा प्रस्ताव, "आता गट्टूच लावून टाकू", मला पटला नाही. सर्पमित्राला बोलावून धामण दूर जंगलात सोडण्याचाही नाही. उचलून लांब नेलेले साप अनोळखी जागेत अनेकदा तगत नाहीत. आणि उंदीर इथेच राहिले तर रिकामी जागा दुसरं कुणीतरी घेणार. पण माझी हरकत निव्वळ उपयुक्ततेची नव्हती. जिला माझ्या मांडणीने इथवर आणलं, तिला घुसखोर कसं म्हणायचं?

हा शब्द आपण शहरभर वापरतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये मिहानमध्ये, आयटी कंपन्यांच्या परिसरात, वाघाचा वावर आढळला. मे २०२१ च्या अखेरीस आयटी पार्कजवळच्या गायत्रीनगरात बिबट्या दिसला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही वेळी क्रियापद एकच होतं: घुसला. गोरेवाड्याचं जंगल शहराला टेकलेलं आहे, शहर चहूबाजूंनी पसरतं आहे, आणि तरी घुसणारा नेहमी तोच.

आपल्याकडे दारी येणाऱ्याला अतिथी म्हणतात, ज्याची यायची तिथी ठरलेली नाही तो. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा म्हणायचा की खरं आदरातिथ्य अटींशिवायचं असतं, आणि तसं करणारं घर मात्र घर म्हणून टिकत नाही. दोन्ही ओढी एकाच वेळी सोसाव्या लागतात. मला हे वाचून पटण्याआधी आजीकडे बघून कळलं होतं. वर्धा जिल्ह्यातल्या गावी घरामागच्या जागेला ती सांदवाडी म्हणायची. जेवणाआधी कावळ्याला घास ठेवायची आणि विंचू दिसला की चप्पल काढायची. धामणीला मात्र हात लावू देत नसे. तिच्याकडे सिद्धांत नव्हता. घराला लागून सारवलेलं स्वच्छ अंगण, आणि सांदवाडीत अंधार पडल्यावर कंदिलाशिवाय कुणी जायचं नाही, एवढं ठरलेलं होतं. सापाला नियम लावता येत नाहीत म्हणून तिने ते माणसांना लावले होते.

मी तेच केलं, थोड्या उशिरा. ज्वारी बंद. चिमण्यांना गवताचं बी आणि किडे आहेत, कबुतरांना शहर पडलं आहे. पाण्याचं भांडं उंच खांबावर, आजूबाजूला आडोसा नाही. विटांचा ढीग आणि जुनी लाकडं हलवली, मोरीच्या तोंडाला जाळी बसवली. दारालगत चार फूट फरशी घातली, झोपाळा तिच्यावर घेतला, वर दिवा लावला. फरशीच्या पलीकडे पालापाचोळा तसाच. तिकडे जायचं तर पायात बूट, अंधारात हातात टॉर्च. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष मिळतं, तो नंबर फ्रिजवर चिकटवला. आई म्हणते, बाग केलीस की बॉर्डर? तिचं चूक नाही. चार फूट गट्टू आणि आठ फूट माती, अशी ही तडजोड बाबांनीही स्वीकारली. फरशीला ते अजून गट्टूच म्हणतात.

धोका उरला आहे. तो शून्य झाला असं मी ताईला सांगू शकत नाही. गट्टू घातलेल्या घरांतही साप निघतातच, हे मी तिला सांगितलं; ती म्हणाली, "त्यांनी बोलावलेलं नसतं." एखादा धोका नशिबाने येणं आणि भावाने तो आवडीने पत्करणं, यात फरक आहे असं तिचं म्हणणं. मी त्यावर बराच विचार केला. फरक आहेच. माझ्या वाट्याला आलेली झळ मी सोसेन, पण भाचीच्या वाट्याची मी कशी पत्करणार? म्हणून भाची असेल तेव्हा फरशीपलीकडे तिने एकटीने जायचं नाही, आणि तिच्यासोबत जाणारा मोठा माणूस मी असेन, हे मी लिहून पाठवलं. तिने अंगठा दाखवणारी इमोजी पाठवली. तिचा काय अर्थ घ्यायचा, देव जाणे.

मागच्या महिन्यात पारिजातकाखाली कात सापडली. सर्पमित्राला फोटो पाठवला; खवल्यांवरून धामणीचीच, असं तो म्हणाला. लपवावं असं क्षणभर वाटलं. मग तोच फोटो ताईला पाठवला. दोन निळ्या टिका लगेच दिसल्या. मे महिन्याची तिकिटं तिने अजून काढलेली नाहीत.