आजीचे ओठ

एकतिसाव्या वर्षी मी दातांना तारा लावायला निघाले. भिवंडीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, चार उपदाढा काढाव्या लागतील. मी विचारलं, "दात आत गेले की ओठही जाणार?" "जातील, पण दातांइतके नाही. नेमके किती, ते आधी सांगता येत नाही."

लहान मुलांचं नाक-हनुवटी अजून वाढायची असते. माझी वाढ संपलीये, आणि वयानुसार ओठ तसेही पातळ होत जातात. म्हणजे आज सुंदर वाटेल ते पन्नाशीत कदाचित बसकं दिसेल.

ही रेघ नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत कोणी मारली? अमेरिकेतले एडवर्ड अँगल दात काढण्याच्या विरोधात होते आणि सुंदर चेहरा म्हणून अपोलोच्या पुतळ्याकडे बघायचे. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड पुढे दात काढू लागले. दोघांच्याही डोळ्यांपुढे आपल्याकडचे चेहरे नव्हते. आपल्यातल्या कित्येकांचे ओठ त्या रेघेबाहेरच असतात.

माझे ओठ आजीचे आहेत. यंत्रमागांच्या खडखडाटात आजोबा तिचं बोलणं ओठांवरूनच ओळखायचे. आई म्हणते, "चेहरा तुझा आहे, कर काय ते." पण फोटो काढताना तोंडावर हात ठेवायची सवय माझी आहे, आजीची नव्हती. मग मला बदलायचंय ते नक्की काय, ओठ की ती सवय?

शनिवारची तारीख मिळालीये. अजून फोन करून रद्द केलेली नाही.