दुसरी बाजू



आजपासून आगमनकाळ सुरू होत आहे. वेदीजवळच्या हिरव्या चक्रावर आज पहिली जांभळी मेणबत्ती पेटेल. हे आठवडे वाट पाहण्याचे. वाट कशी पाहावी हे शिकण्यासाठी आज मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, थेट शनीपर्यंत. घाबरू नका, ज्योतिषाकडे नेत नाही! साडेसातीचा शनी वेगळा आणि दुर्बिणीतून दिसणारा, कडी घातलेला शनी वेगळा.

या शनीला पुष्कळ चंद्र आहेत. त्यांतल्या एकाचे नाव आयापीटस. १६७१ साली जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञांनी तो पॅरिसहून शोधला. कॅसिनी आपल्यातलेच, कॅथलिक, येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेले. पॅरिसला जाण्यापूर्वी इटलीतील बोलोन्या शहरात, संत पेत्रोनियोच्या बॅसिलिकेत त्यांनी जमिनीवर एक लांब रेषा आखली होती. छताच्या भोकातून येणारा सूर्याचा कवडसा भर दुपारी त्या रेषेवर कुठे पडतो ते पाहायचे आणि त्यावरून वर्षाची लांबी मोजायची. ईस्टरचा सण योग्य दिवशी येण्यासाठी हा हिशोब लागत असे. देवळाच्या फरशीवर विज्ञान चालत होते ते असे.

आयापीटसने मात्र कॅसिनींना कोड्यात टाकले. तो शनीच्या पश्चिमेला असला की दिसे. फिरत फिरत पूर्वेला गेला की दिसेनासा होई. काही आठवड्यांनी पुन्हा पश्चिमेला हजर! त्याला एक फेरी पुरी करायला ७९ दिवस लागतात. प्रत्येक फेरीत तोच प्रकार.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हा चंद्र अधूनमधून विझतो. कॅसिनी तसे म्हणाले नाहीत. त्यांनी अनुमान केले की या चंद्राची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असली पाहिजे. आपला चंद्र जसा पृथ्वीला कायम एकच तोंड दाखवतो, तसा हा शनीला दाखवत असला पाहिजे. म्हणून पश्चिमेला असताना आपल्या वाट्याला उजळ बाजू येते आणि पूर्वेला असताना काळी. चंद्र जागेवरच आहे, आपली दुर्बीण कमी पडते आहे. मग ते चांगल्या दुर्बिणीच्या मागे लागले आणि आकाशाच्या त्याच रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. १७०५ साली, अधिक ताकदीच्या दुर्बिणीतून, पूर्वेकडचा आयापीटस अखेर त्यांना दिसला, पश्चिमेपेक्षा सुमारे सहा पट फिका. मधे चौतीस वर्षे गेली होती. कॅसिनी तेव्हा ऐंशीचे होते. पुढे त्यांची दृष्टीच गेली आणि १७१२ साली ते वारले.

त्यांचेच नाव दिलेले एक यान १९९७ साली पृथ्वीवरून निघाले आणि २००४ साली शनीपाशी पोहोचले. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, त्याने सुमारे सव्वा लाख किलोमीटरवरून आयापीटसची छायाचित्रे घेतली. त्यांत असे काही दिसले की पाहणारे चकित झाले. या चंद्राच्या बरोबर मध्यावरून, विषुववृत्ताला धरून, डोंगरांची एक रांग गेलेली होती. अक्रोडाच्या दोन शकलांमध्ये असतो ना, तसा शिवणीचा उंचवटा! काही ठिकाणी त्याची उंची २० किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे एव्हरेस्टच्या दुपटीहून अधिक. तो कसा झाला यावर शास्त्रज्ञांचे अजूनही एकमत नाही.

साहजिकच सगळ्यांना जवळून पाहायचे होते. पण यान काही रिक्षा नव्हे, हात केला की वळायला. १० सप्टेंबर २००७ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी ते आयापीटसपासून अवघ्या १६४० किलोमीटरवरून जाणार होते. आलेली छायाचित्रे जशीच्या तशी, कसलीही सजावट न करता, सर्वांसाठी खुली केली जात. त्यामुळे शास्त्रज्ञांबरोबर जगभरचे हौशी आकाशप्रेमीही संगणकापुढे ताटकळत बसले होते. आर्थर क्लार्क यांनी कोलंबोहून शुभेच्छा पाठवल्या. आपल्या गाजलेल्या अंतराळ-कादंबरीतील गूढ गोष्ट त्यांनी १९६८ साली याच चंद्रावर ठेवली होती. देवाधर्माशी क्लार्क यांचे फारसे जमत नसे, पण वाट पाहणे म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते. पुढच्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

यान जवळून गेले, छायाचित्रे घेतली, ती पाठवायला सुरुवात झाली. आणि मधेच सारे थांबले! अवकाशातून आलेला एक सूक्ष्म कण यानाच्या विद्युतयंत्रणेत आदळला होता. यानाने स्वतःला सांभाळण्यासाठी बहुतेक कामे बंद केली. तिथून संदेश यायलाच जवळपास दीड तास लागे. लोकांनी त्या वेळी काय काय मनात आणले असेल! पण छायाचित्रे यानाच्या साठ्यात सुखरूप होती. पुढे ती सगळी पृथ्वीवर पोहोचली.

काय दिसले त्यांत? काळी बाजू कोळशासारखी काळी. पण त्या काळ्या भागात लहान लहान खड्डे होते आणि खड्ड्यांच्या आत पांढराशुभ्र बर्फ. बारीक दगड आदळून वरचा थर फुटला तिथे आतले पांढरे उघडे पडले होते. हा थर काही ठिकाणी जेमतेम फूटभर असावा. तो येतो कुठून, तेही नंतर उलगडले. फीबी नावाचा शनीचा आणखी एक चंद्र खूप लांबून फिरतो. त्याच्या धुळीचे अफाट कडे २००९ साली सापडले. कच्च्या रस्त्याने स्कूटरवर जाणाऱ्याच्या छातीवर धूळ बसते आणि पाठ स्वच्छ राहते, तसे आयापीटसचे झाले. धुळीने ती बाजू उन्हात अधिक तापू लागली, तिथल्या बर्फाची वाफ होऊन ती थंड बाजूवर जाऊन गोठू लागली. काळे आणखी काळे झाले, पांढरे आणखी पांढरे. मुळात मात्र दोन्हीकडे बर्फच.

२०१७ च्या सप्टेंबरात ते यान शनीच्या वातावरणात शिरून नष्ट झाले. छायाचित्रे उरली आहेत. ती पाहताना मला संत लूकच्या शुभवर्तमानातला म्हातारा शिमोन आठवतो. त्याने आयुष्यभर वाट पाहिली आणि शेवटी त्याच्यासमोर काय आले? पारव्यांची अर्पणे देणारे एक गरीब जोडपे आणि त्यांच्या हातातले चाळीस दिवसांचे बाळ. त्या दिवशी मंदिरात याजकही असतीलच. त्यांना आणखी एक गरीब जोडपे दिसले असेल, एवढेच. शिमोनला तारणारा दिसला.

याजकांचे नाव मी उगाच घेत नाही. वीस-एक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथे एक गृहस्थ दर रविवारी मिस्सेला उशिरा येत, दाराशी उभे राहत आणि कम्युनियन घेतले की तसेच बाहेर पडत. मला फार राग यायचा. एका रविवारी मी वेदीवरून म्हणालो, “काही जण देवाला भाड्याने अर्धा तास देतात.” लोक हसले. ते गृहस्थ खाली पाहत होते.

नंतर उपवासकाळात त्यांच्या शेजारच्या एका आजींना मी कम्युनियन द्यायला गेलो. निघताना आजी म्हणाल्या, “फादर, शेजारी पण डोकवा की.” मी गेलो. आत खाटेवर त्यांची पत्नी होती, अर्धांगवायूने तीन वर्षे अंथरुणाला खिळलेली. चादर स्वच्छ, केस विंचरलेले, वेणी घातलेली, वेणीत अबोलीची फुले. वेणी त्यांनीच घातली होती. रविवारी एक शेजारीण पहिल्या मिस्सेहून आली की थोडा वेळ तिच्याजवळ बसे. मग हे धावत दुसऱ्या मिस्सेला येत, आणि शेजारणीला बाजाराला जायचे असे म्हणून मिस्सा संपण्याआधी धावत परत जात.

घरोघरी कम्युनियन नेण्यासाठी आजाऱ्यांची यादी असते. त्या बाईंचे नाव तिच्यात नव्हते. यादी मीच केली होती.

त्यांनी चहा केला. मी निघालो तेव्हा दाराशी येऊन हळूच विचारले, “फादर, त्या रविवारी तुम्ही बोललात, ते माझ्याबद्दलच होतं ना?”

मी म्हणालो, “हो.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी हिच्यासाठी याल?”

आपल्या धर्मग्रामातील आजाऱ्यांची यादी मी आज कार्यालयाबाहेर लावली आहे. कृपया वाचा. आपल्या आळीतले कोणाचे नाव राहिले असेल, तर दुसरी मेणबत्ती पेटायच्या आत मला येऊन सांगा.