पाप कोणाचे?

शास्त्रपाठ : योहान ९:१-७, ३४-३५, १ करिंथ १२:२१-२६



जन्मांध मनुष्याला पाहताच शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. ग्वाल्हेरच्या लष्करातील मराठी घर असो वा सोलापूरचे, मूल बहिरे निघाले किंवा सावकाश शिकू लागले की कोणीतरी कुजबुजते, "कोणाचे भोग हे!" मग आई त्याला पाहुण्यांपुढे आणीत नाही, आणि हळूहळू उपासनेलाही आणीत नाही.

अँड्र्यू फॉस्टर हा कृष्णवर्णीय अमेरिकन ख्रिस्तसेवक अकराव्या वर्षी मेंदूच्या तापाने बहिरा झाला. १९५७ साली तो घानात गेला, तेव्हा येथे बहिरी मुले नाहीतच, असे त्याला सांगण्यात आले. मुले होती, ती घरात होती. त्याने आक्रा येथे खुणांच्या भाषेत शिकविणारी शाळा काढली. १९८७ साली विमान-अपघातात त्याचा अंत झाला. तोवर त्याने आफ्रिकेच्या १३ देशांत ३२ शाळा उभारल्या होत्या.

त्याच आफ्रिकेजवळ एक मोठा ठेवा आहे. दक्षिणेकडील लोक त्याला 'उबुंटू' म्हणतात : माणूस माणसांमुळेच माणूस होतो. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी हा विचार जगापुढे मांडला. या दृष्टीने पाहता उणीव मुलात नाही, त्याला वगळणाऱ्या मंडळीत आहे. दुर्बळ दिसणारे अवयवच अधिक आवश्यक, असे पौलही करिंथकरांना शिकवितो.

ग्वाल्हेरमध्ये रामकृष्ण आश्रमाचे 'रोशनी' केंद्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकविते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. कायदा शाळेचे दार उघडील. शब्बाथशाळेचे दार आपणच उघडावयाचे आहे.

शिक्षकांनो, पटावर ज्याचे नाव नाही त्याच्या घरी जा. ऐकू न येणाऱ्याला पुढे बसवा, त्याच्याकडे तोंड करून बोला. सावकाश शिकणाऱ्याला एकच गोष्ट चित्रांनी, पुन्हा पुन्हा सांगा. दानाची थैली फिरविण्याचे काम त्याच्या हाती द्या. आणि त्याच्या आईला सांगा, "बाई, आम्हांला याची गरज आहे."

प्रभूने पाप शोधीत न बसता चिखल कालविला. पुढे धर्मपुढाऱ्यांनी त्या मनुष्याला बाहेर घालविले, तेव्हा येशूने त्याला शोधून काढले. आपल्या दाराबाहेर आज कोण उभे आहे, हे पाहण्यास प्रभू आपणांस डोळे देवो. आमेन.