मुक्या रुग्णाचं बिल

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला लागलं की डबऱ्याच्या अलीकडे टेकनपूर येतं. सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र तिथलं. अलीकडे तिथं मुधोळ आणि रामपूर हाउंडही तयार होतात. मुधोळ म्हणजे आपल्या घोरपड्यांच्या संस्थानातली जात. सडपातळ, लांब पायांची, दख्खनच्या उन्हात मुरलेली. आणि तिथून तासाभरावर, ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातल्या मराठी वाड्यांत, हस्की कूलरसमोर जीभ काढून पडलेला असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणारं हे गाव!

कुत्र्यांचे उपचार परवडत नाहीत, अशी तक्रार हल्ली सगळीकडे ऐकू येते. माझ्या मते त्या बिलाची पहिली ओळ पिल्लू घरी आणतो त्याच दिवशी लिहिली जाते. 2003 साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग लोकांच्या मनात भरला. चपट्या नाकामुळे या जातीला श्वास पुरत नाही. मग नाकपुड्या नि टाळू मोकळे करायच्या शस्त्रक्रियेला अनावश्यक कोणत्या तोंडाने म्हणायचं? अनावश्यक होती ती हौस.

खरा फुकट जाणारा पैसा मात्र साध्या दुखण्यांवर जातो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा कुत्रा दोन दिवस जेवला नाही. अंगात ताप, कानामागे गोचीड. दवाखान्यात सलाईन लागलं, रक्त काढलं, एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, यकृताचं टॉनिक आलं, आणि निघताना काउंटरवरून खास खाद्याची पिशवीही हातात पडली. निदान निघालं टिक फीवर. त्यावरचं औषध डॉक्सीसायक्लिन, साधारण 28 दिवस. माणसांच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी स्वस्त गोळी. रक्ततपासणी हवीच होती. प्लेटलेट घसरल्या होत्या, त्या तिच्यातूनच कळल्या. सोनोग्राफीने औषध बदलणार होतं का, हे विचारायचं काकूंना सुचलं नाही, आणि हुंदका आवरत उभ्या असलेल्या बाईला ते सुचावं कसं?

पुढची गंमत अशी की महिन्याभराने ‘आजार गेला का ते बघू’ म्हणून निदानाच्या वेळचाच झटपट तपासणीचा किट पुन्हा वापरला, तर पुन्हा पॉझिटिव्ह. हा किट रक्तातल्या अँटिबॉडी शोधतो, आणि त्या आजार बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने टिकतात. झालं, औषधांचा दुसरा फेरा सुरू. कुत्रा तेव्हा गच्चीवर माकडांच्या मागे धावत होता.

निकाल काहीही आला तरी आपण तेच करणार असू, तर ती तपासणी कशाला? एवढा एक प्रश्न टेबलापाशी विचारला तरी निम्मी यादी गळेल. लसींचंही तसंच. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना सांगते की पिल्लूपणीचा कोर्स आणि बूस्टर पुरा झाला की डिस्टेंपर, पार्व्होच्या लसी तीन वर्षांच्या आत पुन्हा द्यायची गरज नसते. कुत्र्यांच्या कोरोनाच्या लसीची तर ती शिफारसच करत नाही. लेप्टोची लस मात्र दरसाल लागते, म्हणून आपल्याकडे ‘नाईन इन वन’ या एकत्रित लसीतून सगळंच दरसाल टोचलं जातं. (रेबीजची सुई वेगळी. ती आपल्या देशात वर्षाच्या वर्षी द्यावी, तिथे काटकसर नको.)

ब्रिटनमध्ये हे प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेलं. स्पर्धा नियामकाच्या ऑक्टोबर 2025च्या प्राथमिक निष्कर्षांनुसार 2016 ते 2023 या काळात उपचारांचे दर 63 टक्क्यांनी वाढले. 2013 साली दहातला एक दवाखाना मोठ्या कंपन्यांच्या हातात होता, आता जवळपास सहा आहेत. त्यातल्या एका साखळीची मालक असलेली मार्स कंपनी कुत्र्यांचं खाद्यही विकते. दरपत्रक लावा, औषध बाहेरून घेता येतं हे गिऱ्हाइकाला सांगा, असे उपाय नियामकाने सुचवले.

आमच्याकडे अडचण बड्या कंपन्यांची नाही. इथं डॉक्टर, प्रयोगशाळा आणि औषधाचं दुकान एकाच छपराखाली, बहुधा एकाच खुर्चीत बसलेले असतात. मशीनचा हप्ता दर महिन्याला भरायचा असतो. मध्य प्रदेशात 2023 पासून 1962 वर फोन केला की सरकारी पशुवैद्यक गाडी घेऊन दारी येतो, पण लष्कर भागात ती गाडी गाईम्हशींचीच समजली जाते.

सगळा दोष डॉक्टरांवर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. रुग्ण मुका, त्यामुळे कुठं दुखतं ते घरचेच सांगणार, आणि घरच्यांना खर्चाचा आकडा हाच मायेचा पुरावा वाटू लागलाय. ग्वाल्हेरातल्याच मुरारकडच्या एका डॉक्टरांना मी विचारलं, तुम्ही नुसती गोळी लिहून का देत नाही? ते म्हणाले, “देतो ना. काचेवर रक्त बघतो, डॉक्सी लिहितो. माणूस विचारतो, बस, एवढंच? मग संध्याकाळी दुसरीकडे सलाईन लावून येतो आणि गल्लीभर सांगतो की मला काही येत नाही.”