भिंतीवरचा शिपाई

आमच्या सातारा भागात जुन्या घराच्या सोप्यात बसलं की मान आपोआप वर जाते. तुळईखाली फोटोंची रांग असते. आधी देव, मग शिवाजी महाराज, मग घरातली गेलेली माणसं. त्या माणसांत हमखास एक शिपाई असतो. गुडघ्यापर्यंतची चड्डी, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, कमरेला रुंद पट्टा आणि एक हात स्टुलावर. मागं रंगवलेला पडदा. त्यावर खांब आणि वळणाचा जिना. असा जिना अख्ख्या तालुक्यात कुठं नव्हता, पण फोटोत मात्र ज्याच्या त्याच्या मागं होता. बेळगावला मराठा पलटणीत भरती झाली, ट्रेनिंग संपलं, की पोरगं स्टुडिओत जाऊन असा फोटो काढायचं आणि घरी धाडून द्यायचं. आपण परत आलो नाही तर काहीतरी असावं म्हणून. हे कुणी बोलून दाखवत नसे, पण फोटो हातात घेणाऱ्या आईला ते कळायचं.

तुमच्याही घरात असा एखादा फोटो असेल. दसऱ्याला त्याची काच पुसली जाते, हार बदलला जातो. मला बरेच दिवस पडलेला प्रश्न असा की, हा हार आपण नेमका कशाला घालतो? त्या माणसाला, त्याच्या अंगावरच्या वर्दीला, की तो ज्या लढाईत गेला त्या लढाईला? कारण या तिन्ही गोष्टी एक नाहीत. लढाई आपली नव्हती. वर्दीही आपली नव्हती. माणूस तेवढा आपला होता.

आमच्या घरातून दोन पिढ्यांत दोघं गेले. पहिले माझ्या आजोबांचे चुलते. ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. आमच्याकडं या सगळ्या मुलखाला ‘बसरा’ असंच म्हणत. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ इंग्रजांची फौज कूत या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. धान्य संपलं, घोडी कापून खायची वेळ आली, आणि शेवटी फौज शरण गेली. आजोबांचे चुलते तिथंच राहिले. त्यांचा फोटो नाही. सरकारकडून आलेली एक चकती आहे, ब्राँझची, बशीएवढी. तिच्यावर एक बाई उभी आहे, जवळ सिंह आहे आणि चौकटीत त्यांचं नाव आहे. अशा चकत्या साम्राज्यात मेलेल्या सगळ्या सैनिकांच्या घरी गेल्या. आमच्या पणजीनं ती बाई आणि सिंह पाहिला आणि चकती देव्हाऱ्यात ठेवली. तिच्या हिशेबी ती देवीच होती. रोज कुंकू लागायचं. ती ब्रिटानिया आहे, इंग्रजांच्या देशाचं रूप आहे, हे पणजीला कुणी सांगितलं नाही, आणि सांगून तिनं ऐकलंही नसतं.

कडेनं इंग्रजीत लिहिलं आहे, त्याचा अर्थ असा की, हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. मला वाचता यायला लागल्यावर मी ते पहिल्यांदा वाचलं आणि विचारात पडलो. कुणाचं स्वातंत्र्य? ज्याच्या देशाला ते नव्हतं, तो त्याच्यासाठी मेला असं ज्यांनी दिलं नाही त्यांनीच कोरून पाठवलं. आणि सन्मानाचं म्हणाल तर, बसऱ्याला इंग्रजांनी मोठं स्मारक उभारलं. तिथं गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा लिहिला. नाव राहिलं ते पणजीच्या देव्हाऱ्यात, कुंकवाखाली.

आमच्या घरातला हा एकच. जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या युद्धात ४६ माणसं कामी आली. आज त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. आपण ते नाव अभिमानानं घेतो, घ्यावंही. पण एका गावात ४६ घरांत एकाच काळात काय झालं असेल, हे त्या नावात येत नाही.

दुसरे म्हणजे थोरले आबा, माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. भिंतीवरचा फोटो त्यांचा. ते १९४० साली भरती झाले. कारण विचाराल तर देश नाही आणि राजाही नाही. आमचं गाव खटाव तालुक्यात, पावसाच्या ओढीचं. जमीन चार भावांत वाटली तर एकाच्या वाट्याला बैल वळवायला जागा उरत नसे. वर सावकार. पलटणीत गेलं की पोटाला मिळायचं, अंगाला मिळायचं आणि महिन्याची मनीऑर्डर घरी यायची. लढवय्याचा वारसा वगैरे बोलायला छान असतो, आणि तो आबांच्या मनात नव्हता असंही नाही. पण वारसा अंगात असतो तशी भूकही पोटात असते. दुसऱ्या महायुद्धाअखेर हिंदी फौज २५ लाखांवर गेली होती. त्यातला प्रत्येकजण आपणहून आला असं कागद सांगतात. पोटानं ढकललेला माणूस आपणहून आला म्हणायचा का, हे कागद सांगत नाहीत.

आबा इटलीत लढले. आपल्या कोकणातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये त्याच इटलीत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबांना असं काही मिळालं नाही. ते परत आले, हेच त्यांचं मिळालेलं. लहानपणी आम्ही पोरं त्यांना एकच विचारायचो, “आबा, किती माणसं मारली?” आबा म्हणायचे, “नद्या किती ओलांडल्या ते इचार. त्या मोजल्यात मी.” इटलीच्या लढाईचा नकाशा पुढं पाहिला तेव्हा समजलं. तिथं एक नदी ओलांडली की पुढं दुसरी असतेच, आणि प्रत्येकीच्या पलीकडच्या काठावर तोफा. माणसांचा आकडा त्यांनी कधी सांगितला नाही. तिकडंही कुणाच्या तरी भिंतीवर वर्दीतला एखादा पोरगा असेल, हे ते जाणून असावेत.

आता खरी गोष्ट. आबा तिकडं सरकारसाठी लढत होते तेव्हा इकडं सातारा जिल्ह्यात सरकारविरुद्ध आग पेटली होती. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबारात माणसं पडली. पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, ते काही पुढारी नव्हते. जोंधळ्याच्या रानात लपलेल्या भूमिगतांना रात्री भाकरी पोचवायचं काम त्यांच्याकडं होतं. सापडले असते तर तुरुंग ठरलेला. तात्यांचा त्या काळातला फोटो नाही. कसा असणार? रात्री भाकरी नेणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही. ज्याला सरकारनं वर्दी दिली त्याचा फोटो राहिला, आणि जो सरकारच्या विरोधात होता तो अंधारातच राहिला.

पण ती भाकरी कशाची होती? आबांच्या मनीऑर्डरीची. थोरली आई, म्हणजे आबांची बायको, अंगठा उठवून पैसे घ्यायची, बाजारातून जोंधळा आणायची, दळायची आणि थापायची. तेव्हा साठवणीचा दाणाही दर वर्षी उरत नसे. म्हणजे सरकारच्या पगारावर प्रतिसरकार जेवत होतं, आणि दोन्हीकडचं ओझं एका बाईच्या जात्यावर होतं. तिला यात काही विचित्र वाटलं नाही. ती म्हणायची, “एक पोटासाठी गेला, एक देशासाठी जागला. दोघंबी घरचंच.”

मागच्या पंधरा ऑगस्टला पुण्यातल्या माझ्या पुतण्यानं आबांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मोबाईलवर त्याला रंग भरला होता. गाल गुलाबी, मागच्या जिन्याच्या जागी तिरंगा. खाली ओळ होती, ‘आमचे पणजोबा, थोर स्वातंत्र्यसैनिक’. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, कुणाचं काय बिघडलं? मेलेल्या माणसाला मान मिळाला तर मिळू दे की.”

पोरगं प्रेमानंच बोललं, आणि प्रश्न टाकून देण्यासारखा नाही. खरंच काय बिघडतं? माझ्या मते तीन गोष्टी बिघडतात. एक, ज्यांनी त्या काळात गोळ्या झेलल्या, तुरुंग भोगला, त्यांची जागा आपण आपल्या माणसाला देतो. दुसरी, आपल्याच घरातल्या तात्यांची गोष्ट आपण आबांना घालतो, जसा एकाचा सदरा दुसऱ्याला घालावा. तिसरी सगळ्यांत मोठी. आबा जसे होते तसे आपल्याला चालत नाहीत, असं आपण कबूल करतो. लाज झाकायला दिलेला मान हा मान नसतो. दर स्वातंत्र्यदिनी आबा शाळेत झेंडावंदनाला जायचे. ताम्रपटवाले पुढं बसायचे, आबा मागं उभे राहायचे. ती पुढची जागा त्यांनी कधी मागितली नाही. त्यांनी जी मागितली नाही ती आपण त्यांच्या माघारी घ्यायची नाही.

तसंच दुसऱ्या बाजूचं. काही शिकलेली माणसं अशा शिपायांना सरळ भाडोत्री म्हणून मोकळी होतात. ज्याच्या घरात कणगी कधी रिकामी झाली नाही, त्याला हा शब्द सोपा जातो. पगार घेतला म्हणून भाडोत्री म्हणायचं, तर त्या पगाराची भाकरी खाणाऱ्या क्रांतिकारकाला काय म्हणायचं? खोटा हार आणि हा शब्द, दोन्हींचं काम एकच. दोन्ही माणसाला विचारण्याचा त्रास वाचवतात.

गेलेल्या माणसाला आपलं म्हणणं खोडून काढता येत नाही. म्हणूनच त्याच्याबद्दल बोलताना जिवंत माणसापेक्षा जास्त जपावं लागतं. फोटो चेहरा राखतो, कारण राखत नाही. कारण सांगणारी माणसं घराघरातून निघून चालली आहेत. तेव्हा मी पुतण्याला एवढंच सांगितलं, रंग भर, हार घाल, पण लिहायचं ते खरं लिही. तुम्हालाही तेच सांगेन. फोटो भिंतीवरून उतरवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, आणि मागच्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं लिहा. नाव, गाव, साल. का गेला, काय सांगायचा, काय सांगायचा नाही. त्याच्यामागं शेत कुणी केलं.

आमच्या फोटोमागं आता असं लिहिलं आहे: मराठा पलटणीत होते. इटलीत लढले. घर जगावं म्हणून गेले. त्यांच्या पगाराची भाकरी भूमिगतांनी खाल्ली, ती धाकट्या भावानं पोचवली. थापणारीचा फोटो नाही.